‘समानता’ यादीत ठेवू की खोडून टाकू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या, पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या. घरात नवरा, सासूबाई, १६ वर्षांची मुलगी आणि ११ वर्षांचा मुलगा. शाळेच्या पालकसभेत कुणीतरी सुचवलं, ‘आपल्या कुटुंबाची मूल्यं सगळ्यांनी मिळून ठरवा आणि लिहून काढा.’ ताईंनी यादी केली: प्रामाणिकपणा, समानता, मोठ्यांचा आदर, काटकसर, शिक्षण. रविवारी सगळ्यांना बसवून वाचून दाखवली. माना डोलल्या. मग मुलगी म्हणाली, ‘समानता आहे, तर दोन्ही आत्यांनी गावच्या जमिनीचं हक्कसोडपत्र का केलं? उद्या माझी पण सही लागणार का?’ सासूबाई उठून आत गेल्या. नवरा म्हणाला, ‘लेकरांसमोर हे विषय कशाला?’

मागची हकिकत अशी. सासरे २०१७ मध्ये गेले. वारसनोंदीने सातबाऱ्यावर सासूबाई, नवरा आणि दोन्ही नणंदा अशी चार नावं लागली. पुढच्या वर्षी नणंदांनी भावाच्या नावे हक्क सोडला. नंतर रस्ता रुंदीकरणात काही गुंठे गेले आणि मोबदल्यातून या फ्लॅटचं कर्ज फिटलं. सासूबाईंनी त्यांच्या काळी भावांसाठी अशीच सही केली होती, आणि ताईंनीही माहेरी केली आहे, ‘भावाशी नातं टिकावं म्हणून’. त्या विचारतात: समानता हा शब्द काढून टाकू का? सगळ्यांना पटतील अशी मूल्यं ठरवायची तरी कशी? आणि मुलीला काय सांगू?

---

ताई,

शब्द काढू नका. एवढं आधी सांगते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मुलीने सगळ्याचा विचका केला.’ ते मला पटलं नाही. त्या रविवारी यादीकडे मन लावून पाहिलं ते तिने एकटीने. बाकीच्यांनी मान डोलावली, कारण प्रामाणिकपणा, आदर, शिक्षण यांना नाही कोण म्हणणार? ही यादी कुठल्याही घरात वाचा, एकमताने मंजूर होईल. जिथे भाऊ भावाशी बोलत नाही तिथेसुद्धा. तुमच्या लेकीने एक शब्द उचलला आणि आपल्या घरात तो कुठवर लागू आहे ते तपासलं. तुम्हाला एकत्र ठरवायचं होतं ना? ते तिच्या प्रश्नापासून सुरू झालं.

यादी तुम्ही आधीच करून आणली होती, हेही लक्षात घ्या. हेतू चांगलाच होता, आणि नोकरी सांभाळून हे करायला बसलात याचं मला खरंच कौतुक वाटतं. पण तयार यादीला बाकीचे फक्त होकार देऊ शकतात. सासूबाईंना काय मोलाचं वाटतं, धाकट्याला काय वाटतं, हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

आणि घराची मूल्यं अजून ठरायची आहेत असं आपण धरून चालतो, तिथेच गफलत होते. ती बरीचशी ठरलेली असतात. कुणाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं, कुणाच्या आजारपणात कुणी रजा टाकली, सातबाऱ्यावर कुणाचं नाव राहिलं आणि कुणाचं कमी झालं, यात ती दिसतात. त्यात तुमच्या घरी चांगलंही आहे. सोळा वर्षांच्या मुलीला आजीसमोर, बापासमोर हा प्रश्न विचारायला भीती वाटली नाही. अनेक घरांत हे होत नाही.

कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण ‘पूर्वी मुलींना हक्कच नव्हता’ हे घरोघरी ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या वाट्यात मुलगा, मुलगी आणि विधवा पत्नी यांना सारखा हिस्सा दिला होता. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासूनचा हक्क मात्र मुलांनाच होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींनाही दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लग्न झालेल्या, न झालेल्या सगळ्या मुलींना तो मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या दिवशी वडील हयात असण्याचीही अट नाही. म्हणजे तुमच्या नणंदांचा हक्क पक्का होता आणि तो त्यांनी दुय्यम निबंधकासमोर सही करून सोडला. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मनात आलं म्हणून रद्द होत नाही. पण भावाने बहिणींना स्वतःहून काही द्यायचं ठरवलं तर त्याला कायदा आडवा येत नाही. शेतजमिनीचं बक्षीसपत्र, त्याचं मुद्रांक शुल्क, हे वकिलाकडूनच समजून घ्या.

‘त्यांनी खुशीने सोडला’ असं तुमचे यजमान म्हणतात. असेलही. खुशी होती का, हे बघायचे काही प्रश्न असतात. सहीच्या आधी कागद त्यांच्या हातात वाचायला दिला होता का? जमिनीची किंमत काय आणि आपला हिस्सा किती, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या ‘नाही’ म्हणाल्या असत्या, तर पुढच्या दिवाळीला पूर्वीसारख्याच माहेरी आल्या असत्या का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही. नातं टिकावं म्हणून सही केली, असं तुम्हीच लिहिलंय. त्यात भावावरची माया आहे आणि सही केली नाही तर काय होईल ही धास्तीही आहे. दोन्ही एकाच सहीत मावतात.

आता सासूबाई. त्या नातीवर रागावून उठल्या असं तुम्ही धरलंय. मला वाटतं तो प्रश्न त्यांना स्वतःलाच जाऊन लागला असावा. त्यांच्या पिढीतल्या बाईला सासरी काही विपरीत झालं, नवरा गेला, घराबाहेर काढलं, तर जायला एकच ठिकाण होतं: भावाचं घर. हातात स्वतःचा पगार नाही, नावावर काही नाही. अशा बाईने सही करून दिवाळीचं बोलावणं राखलं, मुलींची बाळंतपणं राखली, वेळ आलीच तर आसरा राखला. तो त्यांचा शहाणपणाचा निर्णय होता, त्या परिस्थितीतला. आज नातीने ‘हे चूक’ म्हटलं की आयुष्यभराची तडजोड मूर्खपणाची ठरते, असं त्यांना वाटलं असेल तर नवल नाही. म्हणून त्यांच्याशी आधी एकटीने बोला. ‘आई, तुम्ही सही केलीत तेव्हा कसं झालं होतं?’ एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. बरोबर-चूक काही बोलू नका.

आणखी एक. हक्क फक्त नणंदांनी सोडला, म्हणजे सासूबाईंचं नाव सातबाऱ्यावर अजून असणार. तो हिस्सा कायद्याने पूर्णपणे त्यांच्या मालकीचा आहे. तो कुणाला द्यायचा, किती द्यायचा, हे त्यांनी एकट्याने ठरवायचं आहे. घरात त्यांना हे कुणी सांगितलंय का? आपण त्यांना ‘जुन्या विचारांच्या’ म्हणून बाजूला ठेवतो आणि निर्णयाचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनाच विचारायचं विसरतो. मात्र सांगताना दडपण येऊ देऊ नका. एका बाजूने मुलाचं आणि दुसऱ्या बाजूने सुनेचं, अशी ओढाताण या वयात त्यांच्या वाट्याला नको.

यजमानांचं म्हणणं तुम्ही तीन मुद्द्यांत दिलंय. लेकरांसमोर नको, हा पहिला. पण लेकरांनी ऐकलंय, आणि मुलाने तर जास्तच लक्ष देऊन ऐकलं असेल. न बोलता त्याला जे समजतंय ते हे, की मोठेपणी सही करणारी ताई असेल आणि घेणारा मी. दुसरा मुद्दा, ‘बहिणींच्या लग्नात खर्च केलाच की.’ तो खर्च मांडव, जेवणावळी, मानपान यांत गेला. सोनं वगळता त्यातलं बहिणींच्या नावावर काय राहिलं? हुंड्याचा तर विषयच काढायला नको, १९६१ पासून तो गुन्हा आहे. तिसरा मुद्दा, ‘आईला मी सांभाळतो.’ हा मात्र मला खरा वाटतो आणि तो हिशेबात धरला पाहिजे. फक्त पूर्ण धरला पाहिजे. सासूबाईंची औषधं, दवाखाना, पथ्याचं जेवण बघणारी व्यक्ती बहुतेक तुम्ही आहात, आणि तुमचा माहेरचा हिस्सा तुमच्या भावाकडे गेलाय. तसंच तुमच्या नणंदा आपापल्या सासूला सांभाळत असणार. मुली आई-वडिलांना सांभाळत नाहीत म्हणून हिस्सा नाही, असं म्हणत आपण प्रत्येक मुलीला दुसऱ्याचे आई-वडील सांभाळायला पाठवतो. २००७ च्या कायद्यात आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखी आहे. जबाबदारी सारखी मागायची असेल तर खुशाल मागावी, हक्काच्या जोडीने.

म्हणून यजमानांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. त्यांनी तेच केलं जे गावात सगळे करतात. पण गावात दुसरंही घडलेलं आहे. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली तेव्हा अनेक गावांत शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. ते जमिनीवर पोट असलेले लोक होते. हे त्यांना सांगून बघा.

आता तुमचे पर्याय. शब्द खोडला तर यादी प्रामाणिक होईल हे खरं, पण मुलीला ‘प्रश्न विचारला की विषयच काढून टाकतात’ एवढंच कळेल. शब्द नुसता ठेवला आणि जमिनीबद्दल कुणी काही बोललंच नाही, तर यादीतल्या पहिल्या शब्दाला, प्रामाणिकपणाला, बाध येतो. तिसरी वाट अशी, की शब्दाखाली घराने आपलं आजवरचं लिहून ठेवायचं: ‘आपल्याकडे दोन पिढ्या मुलींनी हक्क सोडला. यापुढे या घरात कुणाकडून अशी सही मागितली जाणार नाही.’ एवढ्याने मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आणि चौथी वाट, नणंदांचं काही देणं लागतो का हे त्यांच्याशीच बोलून ठरवणं. मी तिसऱ्या वाटेने सुरुवात करून चौथीकडे जा म्हणेन. घाई नको. पण तिसरीवर कायमचं थांबूही नका. मोबदल्याचे पैसे याच फ्लॅटमध्ये आहेत, तेव्हा ‘झालं गेलं’ म्हणून ते मिटत नाही.

तिसऱ्या वाटेला कागदाचा आधार द्या. यजमानांनी आणि तुम्ही दोघांनी मृत्युपत्र करा, दोन्ही मुलांना सारखं. नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. सोसायटीत किंवा बँकेत नॉमिनी लावलं म्हणजे झालं असं समजू नका. नॉमिनीच्या हातात मालमत्ता येते, पण म्हणून तो तिचा मालक होत नाही.

सगळ्यांना पटतील अशी मूल्यं कशी ठरवायची, हा तुमचा दुसरा प्रश्न. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सर्वसहमतीसाठी ओळखलं जातं. तिथल्या ग्रामसभेत एकाचाही विरोध असला तर निर्णय पुढे ढकलतात, पुन्हा बोलतात. बहुमताने विषय उरकत नाहीत. आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगटात बसून तो विषय समजून घेतात. अख्खं गाव हे करू शकतं तर पाच माणसांच्या घराला जमायला हवं.

पुढच्या वेळी बसाल तेव्हा यादी घेऊन बसू नका. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारा: या घरात घेतलेला कुठला निर्णय तुला आवडला, आणि कुठला बोचला? धाकट्याने आधी बोलावं. मोठे आधी बोलले की लहान त्यांच्यामागे जातात. त्या दिवशी कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही, ‘तसं नव्हतं गं’ हेसुद्धा नाही. हे तुम्हालाच सगळ्यात जड जाईल, कारण घरातल्या सगळ्यांची समजूत काढायची सवय आपल्याला असते. तासाभरात उठा. यादी त्या दिवशी करायचीच नाही. दोन-तीन बैठकांनंतर जे पुन्हा पुन्हा येईल ते लिहा, आणि ‘मला अजून पटत नाही’ म्हणायची मुभा आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना ठेवा. एकाला पटलं नाही की ती ओळ तूर्त लिहायची नाही.

लिहिताना नुसते गुण लिहू नका, कृती लिहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. ‘स्त्रियांचा सन्मान राखावा’ एवढं म्हणून ते थांबले असते तर कुणाचंच काही बदललं नसतं. त्यांनी नाव घेऊन सांगितलं: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. घरातही तसंच करता येतं. ‘मालमत्तेच्या कागदावर कुणाची सही हवी असेल तर कागद आठ दिवस आधी त्याच्या हातात द्यायचा आणि त्यात काय आहे ते समजावायचं.’ ‘स्वयंपाक ज्याने केला तो पहिल्या पंगतीला बसेल.’ ‘फोनवर कुणासाठीही खोटं सांगायला मुलांना लावायचं नाही.’ अशा तीन-चार ओळी पुरेत. त्या पाळल्या जातायत का, हे वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, पुन्हा बसून बघा.

हे सदर वाचणाऱ्या इतरांच्या घरी विषय जमिनीचा नसेलही. कुठे सून पाळीत बाजूला बसते आणि भिंतीवर ‘समता’ लिहिलेलं असतं, कुठे ‘जात मानत नाही’ म्हणणाऱ्या घरात मुलीने मित्राचं आडनाव सांगितलं की शांतता पसरते. तिथेही सुरुवात त्याच अडलेल्या जागेपासून करा. जिथे कुणीतरी उठून आत गेलं, तिथे घराचं खरं बोलणं बाकी आहे असं समजा.

मुलीला काय सांगायचं? खरं ते. ‘तू विचारलंस ते बरोबर आहे. मी सही केली तेव्हा मला भावाला दुखवायचं नव्हतं. तुझ्याकडून कुणी सही मागणार नाही, आणि ते मी आणि बाबा लिहून ठेवतोय.’ पण बाबांच्या नावाने हा शब्द देण्याआधी बाबांशी बोला. त्यांचा होकार नसेल तर तुमच्यापुरतंच सांगा. आणि तिला हेही सांगा की आजीला हा प्रश्न पुन्हा विचारताना ‘तू असं का केलंस’ असं न विचारता ‘तेव्हा कसं होतं’ असं विचार. सोळा वर्षांच्या मुलीला हा फरक कळतो.

तुमच्या स्वतःच्या सहीचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मी त्यात शिरत नाही. पण हवं असेल तर त्यावरही लिहा.

राहता राहिल्या नणंदा. त्यांच्याशी यजमानांनी स्वतः बोलावं, दोघींच्या घरी वेगवेगळं जाऊन. पहिल्या वेळी तुम्ही सोबत जाऊ नका, नाहीतर हे ‘वहिनीच्या डोक्यातलं’ ठरेल आणि विषय तिथेच संपेल. रक्षाबंधन, भाऊबीज हे दिवस टाळा, कारण ओवाळणीच्या ताटासमोर बहीण मनातलं बोलत नाही. हक्कसोडपत्राची प्रत आणि मोबदल्याचा आकडा लिहून न्यावा. बहुतेक दोघीही ‘आम्हाला काही नको रे दादा’ म्हणतील. पहिल्यांदा विचारल्यावर असंच म्हणायची रीत आहे. तो कागद त्यांच्याकडेच ठेवून यावं आणि दोन-तीन महिन्यांनी यजमानांनी पुन्हा जाऊन विचारावं.